एक नाव, अनेक डास : निकटसंबंधी ॲनोफिलीस जातींच्या जनुकीय अभ्यासाची चिकित्सा

सारांश

हिवतापाचा प्रसार करणारे ॲनोफिलीस वंशातील अनेक डास बाह्यरूपाने एकसारखे दिसतात. परंतु ते वेगवेगळ्या जातींचे असतात, ही गोष्ट विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षांपासून माहीत आहे. तरीही अध्यापनात व बऱ्याच संशोधनपर लेखनात एका नावाखाली एकच डास गृहीत धरला जातो. प्रस्तुत लेखात युरोपातील मॅक्युलिपेनिस, भारत व श्रीलंकेतील क्युलिसिफेसीस आणि आफ्रिकेतील गॅम्बिई या तीन जातिसंकुलांवरील संशोधनाची चिकित्सा केली आहे. रूपसाम्य हा एकत्वाचा पुरावा नव्हे. त्याचप्रमाणे जनुकीय निकटता हाही रोगवहनाच्या क्षमतेचा पुरावा नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. जी जनुकीय खूण डासाच्या वर्तनाशी जोडली गेली, तीच पुढे टिकली आणि उपयोगी ठरली.

बीजसंज्ञा : जातिसंकुल, सहोदर जाती, गुणसूत्र-व्युत्क्रमण, जनुकप्रवेश, रोगवाहक, हिवताप.

१. प्रस्तावना

ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तिकेत हिवतापाच्या परजीवीची अवस्था आढळली. या शोधाने वैद्यकाचा इतिहास बदलला. मात्र तो डास नेमका कोणत्या जातीचा, हे रॉस यांना सांगता आले नव्हते. ते कीटकशास्त्रज्ञ नव्हते, म्हणून ‘ठिपकेदार पंखांचा डास’ एवढेच वर्णन त्यांनी केले. कोणता डास रोग वाहतो आणि कोणता वाहत नाही, हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत पुन्हा पुन्हा नव्या रूपात उभा राहिला आहे.

प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण विद्यार्थ्यांना ॲनोफिलीस ओळखण्याच्या खुणा शिकवतो. बसताना शरीर पृष्ठभागाशी कोन करते, पंखांवर ठिपके असतात, मादीचे पाल्प सोंडेइतके लांब असतात. विद्यार्थी वहीत आकृती काढतो, नाव लिहितो आणि विषय संपतो. या खुणा वंश ओळखण्यास पुरेशा आहेत. रोगवाहक ओळखण्यास नाहीत. या दोहोंमधील अंतर किती मोठे आहे आणि ते दुर्लक्षिल्याने काय घडते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘प्रजाती’ हा शब्द काही ग्रंथांत ‘जीनस’साठी, तर वृत्तपत्रांत सर्रास ‘स्पीशीज’साठी वापरला जातो. येथे ‘स्पीशीज’साठी ‘जाती’ आणि ‘जीनस’साठी ‘वंश’ हे शब्द योजिले आहेत. बाह्यरूपाने वेगळ्या न करता येणाऱ्या, परंतु निसर्गात आपसांत मुक्तपणे संकर न करणाऱ्या जातींना ‘सहोदर जाती’ म्हटले असून त्यांच्या समूहास ‘जातिसंकुल’ म्हटले आहे. आपल्या भाषेत ‘जात’ या शब्दाला जन्मसिद्ध आणि अपरिवर्तनीय अशी छटा आहे. पुढील विवेचन वाचताना ती छटा बाजूस ठेवणे इष्ट होय.

२. अंड्यांवरील नक्षीचा धडा

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत युरोपातील मलेरियातज्ज्ञांना एक कोडे सतावत होते. ॲनोफिलीस मॅक्युलिपेनिस हा तेथील प्रमुख रोगवाहक समजला जाई. परंतु या डासाची मुबलक पैदास असलेले कित्येक प्रदेश हिवतापापासून मुक्त होते. डास आहे आणि रोग नाही, या स्थितीचे स्पष्टीकरण हवामान, राहणीमान, पशुधन अशा अनेक कारणांनी देण्याचा प्रयत्न झाला. त्यांतील प्रत्येक स्पष्टीकरण काही प्रदेशांना लागू पडे, तर काहींना पडत नसे.

उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. इटलीतील आरोग्य खात्याचे निवृत्त निरीक्षक डोमेनिको फॅलेरोनी यांनी १९२६ मध्ये असे दाखवले की या डासाच्या अंड्यांवरील नक्षी निरनिराळ्या प्रकारची असते आणि एक मादी नेहमी एकाच प्रकारची अंडी घालते. त्यांनी दोन प्रकारांना लाब्रान्का व मेसेआ या आरोग्याधिकाऱ्यांची नावे दिली. त्यातून लाब्रान्की व मेसी ही नावे रूढ झाली. पुढील वर्षी हॉलंडमध्ये फान थील यांनी ॲट्रोपार्व्हस या प्रकाराचे वर्णन केले. १९३० च्या दशकात या प्रकारांची सांगड त्यांच्या सवयींशी घातली गेली. मेसी मुख्यतः जनावरांचे रक्त शोषतो. लाब्रान्की माणसाला चावतो व हिवताप पसरवतो. कोडे सुटले. ‘मॅक्युलिपेनिस’ नावाचा एक डास नव्हताच. ते एक संकुल होते.

अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये ‘सहोदर जाती’ ही संकल्पना प्रस्थापित केली आणि पुढे जाती म्हणजे आपसांत प्रजनन करणारा समूह ही व्याख्या जीवशास्त्रात स्थिरावली. मॅक्युलिपेनिस हे तिचे नमुनेदार उदाहरण ठरले.

या इतिहासाकडे आपण सहसा वर्गीकरणशास्त्राचा विजय म्हणून पाहतो. प्रस्तुत लेखकाला त्यातील महत्त्वाची बाब वेगळी वाटते. अंड्यावरील नक्षीला स्वतःचे असे काहीच महत्त्व नव्हते. ती नक्षी आणि डासाची रक्तशोषणाची सवय यांचा संबंध सिद्ध झाला, तेव्हाच ती खूण अर्थपूर्ण झाली. पुढील प्रत्येक टप्प्यावर हाच निकष लावून पाहता येतो.

३. क्युलिसिफेसीस : रामेश्वर बेटावरील पुरावा

भारताच्या ग्रामीण भागातील हिवतापाचा मोठा भाग ॲनोफिलीस क्युलिसिफेसीस या डासाकडून पसरतो. जाइल्स यांनी त्याचे वर्णन १९०१ मध्ये केले. त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षे तो एकच डास मानला गेला. १९८० मध्ये ग्रीन व माइल्स यांनी पॉलिटीन गुणसूत्रांच्या आधारे त्यात ‘ए’ व ‘बी’ अशा दोन जाती असल्याचे दाखवले. पुढे दिल्लीतील तत्कालीन मलेरिया संशोधन केंद्रात सरला सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम विस्तारले. १९८३ मध्ये ‘सी’, त्यानंतर ‘डी’ आणि १९९९ मध्ये ‘ई’ या जातींची भर पडली.

या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा होऊन पुन्हा जोडला गेला, तर त्याला व्युत्क्रमण म्हणतात. पॉलिटीन गुणसूत्रांवर आडवे पट्टे असतात, त्यामुळे असा उलटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो. एकाच गावातील डासांत सरळ मांडणीचे आणि उलट्या मांडणीचे असे दोन्ही प्रकारचे डास सापडतात, परंतु एक सरळ व एक उलटे गुणसूत्र असलेले मिश्र डास जवळजवळ सापडतच नाहीत. एकत्र राहूनही हे दोन गट आपसांत प्रजनन करत नाहीत, असा याचा अर्थ होतो. ही सुंदर युक्ती आहे. पण तिला मर्यादाही आहेत. प्रौढ डासांत वाचता येण्याजोगी पॉलिटीन गुणसूत्रे अर्धवट विकसित अंडी असलेल्या मादीच्या अंडाशयातूनच मिळतात. नर डास, रिकाम्या पोटाची मादी किंवा वाळलेला नमुना या पद्धतीने ओळखता येत नाही.

या जातींमधील फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे. भारतात ‘बी’ जाती प्रामुख्याने गुराढोरांवर पोसते आणि बहुतेक ठिकाणी हिवतापाची दुर्बल वाहक असते. प्रयोगशाळेतही तिच्या शरीरात परजीवीची वाढ तुलनेने कमी होते. ‘ए’, ‘सी’ व ‘डी’ या मात्र रोगवाहक आहेत. डीडीटीला या जाती सारखाच प्रतिसाद देत नाहीत, हेही १९८० च्या दशकातच दिसून आले. म्हणजे ‘क्युलिसिफेसीसमध्ये प्रतिकारक्षमता इतकी टक्के’ हे विधान, त्या नमुन्यात कोणती जाती किती प्रमाणात होती हे सांगितल्यावाचून अपुरे ठरते.

या सर्व संशोधनातील सर्वांत बोलका प्रसंग श्रीलंकेशी निगडित आहे. तेथे क्युलिसिफेसीस हाच हिवतापाचा मुख्य वाहक होता. १९३४-३५ च्या साथीत तेथे सुमारे ८०,००० माणसे दगावली. परंतु गुणसूत्रे तपासली असता तेथे फक्त ‘बी’ जाती सापडली, म्हणजे भारतात जी दुर्बल वाहक समजली जाते तीच. एकच जाती सामुद्रधुनीच्या एका तीरावर निरुपद्रवी आणि दुसऱ्या तीरावर घातक कशी, हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित राहिला.

त्याचे उत्तर रामेश्वर बेटावर मिळाले. तेथे ‘बी’सारखीच पॉलिटीन गुणसूत्रे असलेल्या डासांमुळे हिवताप पसरत होता. संशोधकांनी पकडलेल्या माद्यांची अंडी घेतली, मातेच्या शरीरात परजीवी आहे किंवा कसे ते तपासले आणि तिच्या पुत्रांचे वाय गुणसूत्र पाहिले. परजीवी आढळलेल्या मातांच्या पुत्रांत वाय गुणसूत्राचा आकार वेगळा निघाला. मादीत वाय गुणसूत्र नसते, म्हणून आईची ओळख मुलावरून पटवावी लागली. अशा रीतीने ‘ई’ जाती वेगळी झाली. श्रीलंकेतही ती असल्याचे लवकरच दिसून आले आणि जुने कोडे सुटले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेला हिवतापमुक्त घोषित केले. त्या यशाचे श्रेय एका गुणसूत्राला देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु खरा शत्रू कोण, ही ओळख पटणे महत्त्वाचे होते यात शंका नाही.

येथेही तोच निकष दिसतो. वाय गुणसूत्राच्या आकाराला अर्थ आला, तो मातेच्या शरीरातील परजीवीशी त्याची गाठ घातली गेली म्हणून.

डीएनए क्रमावर आधारित अभ्यासांतून पुढे आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. क्युलिसिफेसीस संकुलात ‘ए’ व ‘डी’ एका शाखेवर, तर ‘बी’, ‘सी’ व ‘ई’ दुसऱ्या शाखेवर येतात. म्हणजे सर्वांत दुर्बल वाहक ‘बी’ आणि समर्थ वाहक ‘ई’ या निकटच्या नातलग आहेत. नात्याची जवळीक पाहून रोगवहनाविषयी अनुमान काढले असते, तर ते चुकीचे ठरले असते.

४. गॅम्बिई : वृक्ष की जाळे?

आफ्रिकेतील ॲनोफिलीस गॅम्बिई संकुलाची कथा आरंभी अशीच आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी लंडनमधील जॉर्ज डेव्हिडसन यांनी निरनिराळ्या ठिकाणच्या गॅम्बिई डासांचा संकर घडवला, तेव्हा काही जोड्यांपासून झालेले नर वंध्य निघाले. त्यातून ‘ए’, ‘बी’, ‘सी’ या जाती पुढे आल्या आणि त्यांना अनुक्रमे गॅम्बिई, अरेबिएन्सिस व क्वाड्रिॲन्युलेटस ही नावे मिळाली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या मेलास व मेरस आणि युगांडातील उष्ण झऱ्यांशी निगडित ब्वाम्बी यांचाही या संकुलात समावेश झाला. इटालियन शास्त्रज्ञ मारिओ कोलुझ्झी यांनी या संकुलातील व्युत्क्रमणांचा अनेक दशके अभ्यास केला. २०१३ मध्ये गॅम्बिईच्या ‘एम’ रूपाला स्वतंत्र जातीचा दर्जा देताना तिला ‘कोलुझ्झी’ हे त्यांचेच नाव देण्यात आले.

या संकरांत नर वंध्य, पण मादी जननक्षम असते. जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२२ मध्ये मांडलेल्या नियमाशी हे जुळते. संकरात एखादे लिंग वंध्य किंवा दुर्मीळ होत असेल, तर ते भिन्न लिंगगुणसूत्रे असलेले लिंग असते, असा तो नियम आहे. (हॉल्डेन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे भारतात व्यतीत केली व १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले.) या नियमाचा एक परिणाम मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. संकर मादी जननक्षम असेल तर ती कोणत्याही एका मूळ जातीच्या नराशी समागम करू शकते. तिच्यामार्फत एका जातीची जनुके दुसऱ्या जातीत शिरून पिढ्यानुपिढ्या टिकू शकतात. या घटनेस येथे ‘जनुकप्रवेश’ म्हटले आहे. जातींमधील भिंतीला एक दार राहिले होते, आणि ते मादीच्या बाजूने उघडे होते.

या दारातून किती जनुके आली-गेली, हे २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फाँटेन व सहकाऱ्यांच्या निबंधातून दिसले. त्यांनी संकुलातील सहा जातींच्या संपूर्ण जनुकसंचांची तुलना केली. वंशवृक्ष काढताना जनुकसंचाचा जो भाग घ्यावा त्यानुसार वेगळा वृक्ष मिळत होता. बहुतेक जनुकसंच अरेबिएन्सिसला गॅम्बिई व कोलुझ्झी यांच्याजवळ नेत होता. एक्स गुणसूत्र मात्र तिला क्वाड्रिॲन्युलेटस या जनावरांवर पोसणाऱ्या व रोग न वाहणाऱ्या जातीजवळ नेत होते. जातींच्या विभाजनाचा मूळ क्रम एक्स गुणसूत्रावर टिकला असून उर्वरित भागातील साम्य जनुकप्रवेशाने आलेले आहे, असा लेखकांचा निष्कर्ष होता. वंध्यत्वाशी संबंधित बरीच जनुके एक्सवर असल्याने तेथे परकी जनुके टिकत नाहीत, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. २०१८ मध्ये वेगळ्या सांख्यिकी पद्धतीने केलेल्या विश्लेषणात शाखांच्या क्रमाविषयी काही मतभेद व्यक्त झाले. मात्र मोठ्या प्रमाणावर जनुकप्रवेश झाला, हा मुद्दा त्यातही कायम राहिला.

जातींची सीमा ओलांडून जे गेले ते काय होते, हे अधिक महत्त्वाचे आहे. दुसऱ्या गुणसूत्रावरील ‘टू-एल-ए’ हे व्युत्क्रमण कोरड्या हवामानात तग धरण्याशी निगडित आहे. ते अरेबिएन्सिसमध्ये स्थिर असून गॅम्बिई व कोलुझ्झी यांतही आढळते. डीडीटी व पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांना निष्प्रभ करणारे ‘केडीआर’ उत्परिवर्तन पश्चिम आफ्रिकेत प्रथम गॅम्बिईत पसरले आणि संकराद्वारे कोलुझ्झीत शिरले. माली देशातील नमुन्यांत हा प्रवेश आणि कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांचा वाढता वापर यांचा काळ जुळतो, असे २०१५ मध्ये दाखवून देण्यात आले. माणसाने एका डासाविरुद्ध उभारलेले शस्त्र निकामी करण्याची युक्ती दुसऱ्या डासाला आयती मिळाली. जातिभेद हा आपल्या दृष्टीने वर्गीकरणाचा विषय आहे. डासांच्या दृष्टीने ती अर्धवट उघडी सीमा आहे.

५. जनुकीय वाङ्मयातील तीन उणिवा

वरील संशोधनाचे मोल निर्विवाद आहे. तथापि, चिकित्सक दृष्टीने पाहता त्यातील तीन उणिवांकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते.

पहिली उणीव आधारसामग्रीची. गॅम्बिईचा पहिला जनुकसंच ऑक्टोबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. परंतु त्यासाठी वापरलेला ‘पेस्ट’ हा प्रयोगशाळेतील वाण ‘एम’ व ‘एस’ या दोन्ही रूपांच्या संकरातून आलेला होता, म्हणजे आज ज्यांना आपण दोन जाती मानतो त्यांचे मिश्रण होता. ज्या मोजपट्टीने फरक मोजायचा, तीच दोन मापांची होती. पुढे २०१० मध्ये दोन्ही रूपांचे स्वतंत्र जनुकसंच आले तेव्हा चित्र बदलले. २००५ मधील एका गाजलेल्या अभ्यासात या रूपांतील फरक जनुकसंचातील मोजक्या ‘बेटां’पुरताच असल्याचे म्हटले होते, संपूर्ण क्रम हाती आल्यावर तो फरक बराच अधिक पसरलेला असल्याचे दिसले. फाँटेन यांच्या निबंधातही संकुलातील सर्व जाती नव्हत्या. २०१९ मध्ये गॅबनमधील वनप्रदेशातून ‘फाँटेनिलेई’ ही आणखी एक जाती वर्णन करण्यात आली. चित्र अजून पूर्ण झालेले नाही.

दुसरी उणीव घाईने काढलेल्या निष्कर्षांची. आशियातील शहरी हिवतापाचा वाहक असलेल्या ॲनोफिलीस स्टिफेन्सीचे तीन प्रकार अंड्यांवरील कंगोऱ्यांच्या संख्येवरून ओळखले जातात. त्यांपैकी ‘मायसोरेन्सिस’ या प्रकाराला म्हैसूरचे नाव आहे. २०१८ मध्ये एका जनुकाच्या एका खंडातील फरकांवरून या प्रकारांना स्वतंत्र जाती मानावे असा प्रस्ताव पुढे आला. तो पुढे वादग्रस्त ठरला. गॅम्बिईच्या उदाहरणाने शिकवलेला धडा हाच आहे की जनुकसंचाचा प्रत्येक भाग वेगळी कथा सांगू शकतो. असे असताना एका खंडावरून जाती पाडणे हे पंखावरील एका ठिपक्यावरून जाती पाडण्याइतकेच धोक्याचे आहे. साधन नवे आहे, चूक मात्र जुनीच आहे.

याच संदर्भात क्युलेक्स पिपिएन्सच्या ‘मोलेस्टस’ या भूमिगत रूपाचे उदाहरण उद्बोधक ठरते. लंडनच्या भुयारी रेल्वेत हा डास शेदीडशे वर्षांतच उत्क्रांत झाला, अशी समजूत १९९९ मधील एका अभ्यासानंतर पाठ्यपुस्तकांत वेगाने पसरली. वस्तुतः मोलेस्टसचे वर्णन फोर्स्कल यांनी इजिप्तमधून १७७५ मध्येच केले होते. २०२५ मध्ये ‘सायन्स’मधील विस्तृत जनुकीय अभ्यासाने असे दाखवले की हे रूप भूमध्य सागर अथवा मध्यपूर्वेच्या परिसरात, जमिनीच्या वरच, हजार वा त्याहून अधिक वर्षांपूर्वी मानवी वस्तीशी जुळवून घेत निर्माण झाले असावे. आकर्षक कथा आणि सिद्ध निष्कर्ष यांतील अंतर आपण शिक्षकांनीच पुसट केले होते, हे येथे मान्य केले पाहिजे.

तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. जनुकीय माहितीचा वेग आणि क्षेत्रीय निरीक्षणाचा वेग यांत मोठी तफावत पडली आहे. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आफ्रिकेतील १५ ठिकाणच्या ७६५ डासांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले आणि त्यांत पाच कोटींहून अधिक एकघटकी फरक नोंदले गेले. ही विविधता थक्क करणारी आहे. जनुकचालनाच्या तंत्राने डासांची संख्या घटवण्याचे प्रयोग २०१८ मध्ये पिंजऱ्यातील गॅम्बिईवर यशस्वी झाले. ते करताना जनुकसंचातील अत्यंत स्थिर असा भाग निवडावा लागला, कारण इतरत्र एवढे फरक आहेत की तंत्राला निसर्गातच प्रतिकार मिळू शकतो. असा बदल एका जातीत सोडला तर तो जनुकप्रवेशाने दुसऱ्या जातीत जाईल काय, गेला तर ते हिताचे की अहिताचे, या प्रश्नांची उत्तरे केवळ डीएनए क्रमातून मिळणार नाहीत. कोणता डास कोठे विसावतो, कोणाला चावतो, कोणत्या ऋतूत कोणाशी जोडी जमवतो, हे रात्री गोठ्यात आणि पहाटे घरात उभे राहून पाहावे लागते. असे काम संथ असते आणि त्याचे निबंध क्वचितच गाजतात.

६. आपल्यापुढील प्रश्न

भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. या पार्श्वभूमीवर क्युलिसिफेसीसच्या पाच जातींना आजही औपचारिक नावे नाहीत; त्या केवळ रोमन अक्षरांनी ओळखल्या जातात, ही बाब विचार करायला लावणारी आहे. गॅम्बिई संकुलातील अक्षरांची जागा नावांनी घेतली आणि त्याबरोबर त्या जाती पाठ्यपुस्तकांत, नकाशांत व धोरणांत आल्या. आपल्याकडे सुब्बाराव यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९९८ मध्ये दक्षिण व आग्नेय आशियातील ॲनोफिलीस संकुलांवर सविस्तर ग्रंथ सिद्ध केला. तरीही महाविद्यालयीन पाठ्यक्रमात ‘क्युलिसिफेसीस’ हे एकच नाव बहुधा शिल्लक राहते. शिवाय गॅम्बिई संकुलाच्या तुलनेत या संकुलावरील जनुकीय काम अद्याप मोजक्या डीएनए खंडांवर अधिक विसंबून आहे.

हा केवळ विद्वत्तेचा प्रश्न नाही. मध्य व्हिएतनाममध्ये जनावरांवर पोसणाऱ्या ॲनोफिलीस व्हरुनाला ॲनोफिलीस मिनिमस हा रोगवाहक समजले जात होते, असे २००१ मध्ये उघड झाले. म्हणजे फवारणीचा रोख निरुपद्रवी डासावर होता. आपल्याकडे ॲनोफिलीस फ्लुव्हिॲटिलिस संकुलातील ‘एस’ ही जाती माणसाला चावणारी समर्थ वाहक आहे. ‘टी’ व ‘यू’ या मुख्यतः जनावरांवर पोसतात. एखाद्या गावात फ्लुव्हिॲटिलिस विपुल आहे, एवढ्यावरून तेथे फवारणी करावी की न करावी, हे ठरवता येत नाही. कीटकनाशक, मनुष्यबळ आणि वेळ ही तिन्ही साधने मर्यादित असताना चुकीच्या डासामागे लागण्याची किंमत पाड्यावरच्या तापाने फणफणलेल्या मुलाला मोजावी लागते.

शिक्षक म्हणून आपण काही गोष्टी सहज करू शकतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत डासाच्या नावापुढे ‘संकुल’ हा शब्द लिहायला लावणे, तो डास कोठे व केव्हा पकडला हे नोंदवायला लावणे, आणि ‘हा रोगवाहक आहे काय?’ या प्रश्नाला ‘एवढ्यावरून सांगता येत नाही’ हे उत्तर ग्राह्य धरणे. एम.फिल.च्या काळात सूक्ष्मदर्शकाखाली दोन डास तासन्‌तास न्याहाळूनही प्रस्तुत लेखकाला त्यांत फरक दिसला नव्हता. तेव्हा ते स्वतःच्या डोळ्यांचे अपयश वाटले होते. फरक त्या भिंगाखाली नव्हताच, हे समजायला पुढे बराच अभ्यास करावा लागला.

७. समारोप

अंड्यावरील नक्षी, संकरातील वंध्यत्व, गुणसूत्रावरील पट्टे, वाय गुणसूत्राचा आकार आणि अखेरीस संपूर्ण जनुकसंच : शंभर वर्षांत प्रत्येक साधनाने डासांच्या जातींची सीमा नव्याने आखली. यांतील कोणतेही साधन अंतिम ठरले नाही. दिसण्यातील साम्य एकत्वाची ग्वाही देत नाही आणि जनुकीय नाते स्वभावाची ग्वाही देत नाही. ‘बी’ व ‘ई’ किंवा अरेबिएन्सिस व क्वाड्रिॲन्युलेटस यांची उदाहरणे हेच सांगतात. निकटसंबंधी डासांच्या बाबतीत जातीचे नाव हा निष्कर्ष नसून एक गृहीतक असते, आणि ते क्षेत्रातील वर्तनाच्या कसोटीवर पुन्हा पुन्हा घासून पाहावे लागते.

रॉस यांनी आपल्या डासाला नाव न देता केवळ वर्णन दिले. त्यात माहितीचा अभाव होता; परंतु माहीत नसलेल्या गोष्टीला माहितीचे रूप त्यांनी दिले नाही. जनुकसंचांच्या आजच्या विपुलतेतही तो संयम टिकवणे, आणि तो वर्गातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणे, हे आपल्या हाती आहे.